तेवढी एक खुर्ची सोडून

"बाई, तेवढी एक खुर्ची सोडून बसाल का?"

पिलणकर सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. रत्नागिरीच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून माझा तो पहिलाच दिवस होता. खेडहून पहाटेची एस.टी. पकडून आलेली, साडीचा घोळ चिखलाने भरलेला, खांद्याला रंगांची पिशवी. शिक्षकखोलीत दिसेल त्या खुर्चीवर टेकले, तर शेजारचा हा उंच, किडकिडीत, सुतार पेन्सिल अडकवतात तसा कानावर खडू अडकवलेला माणूस मला उठवतोय! माझं डोकं मुळातच लवकर तापतं. मी म्हटलं, "का? कुणाची आहे ही?"

"अजून कुणाची नाही," ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा वह्या तपासायला लागले.

मी तणतणत दुसरीकडे जाऊन बसले. पाणी घेऊन आलेला तुकाराम शिपाई हळूच म्हणाला, "बाईंनू, त्या खुर्चीवर कोन बसत नाय हां. सरांच्या बाजूची जागा रिकामीच आसते." का रिकामी असते ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शाळेत याबद्दल मतं बरीच होती. कुणी म्हणे सर सोवळं पाळतात, कुणी म्हणे शिष्ट आहेत, मुख्याध्यापक म्हणत की विज्ञानवाले जरा तसेच असतात. मी शिष्टपणावर शिक्का मारला आणि पुढचे सहा-आठ महिने त्यांच्याशी धड बोलले नाही.

मत बदललं ते एका तासामुळे. माझा चित्रकलेचा वर्ग त्यांच्या नववीच्या वर्गाला लागून होता आणि मधली भिंत नावाचीच. पलीकडून मुलांचा हसण्याचा गदारोळ ऐकू आला म्हणून मी डोकावले. सरांनी दोन पोरांना एकाच छत्रीखाली उभं केलं होतं आणि तिसरा बादलीतून तांब्याने त्यांच्यावर पाणी ओतत होता. वर्गात! फरशीवर तळं साचलेलं.

"छत्री कुणाची?" सर विचारत होते.

"दोघांची, सर!"

"सोडून दिली तर?"

"दोघंही भिजणार!"

"हा सहसंयुज बंध. कुणी कुणाला काही दिलं नाही, कुणी कुणाचं घेतलं नाही. दोघांनी मिळून एक धरलंय. आता एकमेकांना चिकटून उभे राहा बघू." पोरं चिकटली, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला, हाणामारीची वेळ आली. "आता लांब व्हा." लांब झाली, दोघांचेही बाहेरचे खांदे भिजले. "म्हणजे काय कळलं? बंध म्हणजे चिकटणं नव्हे. बंधाला एक ठरलेलं अंतर लागतं. त्याहून जवळ आलात की ढकलाढकली, त्याहून लांब गेलात की संपलं."

ती मुलं आता चाळिशीला आली असतील. बाजारात भेटली की नाव विसरलेली मीच असते, पण ती मात्र सरांचा तो छत्रीचा तास अजून सांगतात. मिठाचा धडाही असाच. "सोडियम हातात धरलात तर हात भाजेल, क्लोरिन हुंगलात तर जीव जाईल. दोघांनी एकमेकांत देवघेव केली आणि बघा, तुमच्या आईच्या आमटीत जाऊन बसले," असं म्हणून खिशातली मिठाची पुडी काढून पहिल्या बाकावरच्या पोराच्या जिभेवर चिमूटभर ठेवायचे. पोरगं तोंड वाकडं करायचं आणि सर प्रसाद दिल्यासारखे समाधानाने मागे सरायचे.

आमची मैत्री झाली ती भिंतीवर. प्रयोगशाळेबाहेरच्या लांब भिंतीवर आवर्तसारणी रंगवायची, असा त्यांचा हट्ट. मूलद्रव्यांचं ते सगळं कोष्टक, ओळीओळीने, प्रत्येकाला आपली चौकट. रंगवायची कुणी? मी. मी स्टुलावर, ते खाली चिन्हं वाचून दाखवायला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसात जांभ्याच्या भिंतीवर रंग टिकतो म्हणता? वर्षभरात पोपडे धरायचे, दिवाळीपर्यंत सोन्याच्या चौकटीला शेवाळ चढलेलं असायचं. म्हणून दर उन्हाळ्यात शाळा उघडायच्या आधी आम्ही दोघं ती भिंत पुन्हा रंगवायचो. माझ्या सासूबाईंनी दिलेला फणसाच्या गऱ्यांचा डबा मी त्यांच्यापुढे करायचे. ते स्वतःचा डबा आणत नसत, कारण तो करणारं घरी कुणी नव्हतं.

पहिल्याच वर्षी तळाच्या ओळीत चौकटी आखल्या आणि ते म्हणाले, "यांच्यात काही लिहू नका."

"मग आखल्या कशाला? रंग काय फुकट येतो?"

"हे कोष्टक ज्यांनी मांडलं ना, ते रशियातले एक मास्तर. आपल्यासारखेच, मुलांसाठी पुस्तक लिहायला बसलेले. त्यांनी सगळी मूलद्रव्यं ओळीने लावली आणि मध्ये मध्ये जागा मोकळ्या सोडल्या. लोक हसले त्यांना. ते म्हणाले, हसा, पण इथे येणारा आहे कुणीतरी, अजून सापडला नाही एवढंच. कसा असेल तेसुद्धा सांगितलं. आणि बाई, त्यांच्या हयातीतच आले की हो ते!" सरांचे डोळे असे चमकत होते की जणू पाहुणे त्यांच्याच घरी आले असावेत. "म्हणून म्हणतो, जागा ठेवावी. येणाऱ्याला येऊन उभं राहायची वेळ येऊ नये."

तेव्हा मला ती शिक्षकखोलीतली खुर्ची आठवली. स्टुलावरूनच मी विचारलं, "आणि तुमच्या शेजारी कोण यायचंय, सर?"

त्यांनी कानावरचा खडू काढला, पुन्हा ठेवला. "आमची सुमती मुंबईला असते. सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. बदलीचा अर्ज केलेला आहे."

लग्नानंतर वर्षभरात केलेला तो अर्ज. दोघांच्या नोकऱ्या पक्क्या, सोडायची कुणी? बदली आज होईल, उद्या होईल. आमच्याकडचे पुरुष मुंबईला आणि बायका गावाला ही रीतच आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. इथे उलटं होतं, म्हणून लोक जरा जास्त बोलायचे. मुलगी झाली, ती आईकडेच वाढली. वहिनी गणपतीला आणि मे महिन्यात यायच्या, सर दिवाळीत जायचे. बाकी वर्षभर सर एकटे भाकरी थापायचे, एकटे बांगडे तळायचे. आणि का हो कुढता, असं विचारलं तर म्हणायचे, "कुढत कुठे? बंधाला अंतर लागतंच."

माझं स्वतःचंही दुखणं तेच होतं, म्हणून मला या वाक्याचा राग यायचा. आमचे हे बोटीवर. वर्षातले नऊ महिने समुद्रात. पण मी काही त्याला सिद्धान्त वगैरे म्हणत नव्हते. मी सरळ रडायचे, पत्रात भांडायचे, ये म्हणून लिहायचे. सर मात्र भिंतीवर चढलेल्या शेवाळाइतके शांत.

एका गणपतीत मी त्यांच्या भाट्ये गावातल्या घरी गेले. पूल ओलांडला की आत माडांत, दोन खोल्या आणि पुढे पडवी. सगळं दोघांचं. दोन खुंट्या, दोन पाट, पडवीत दोन उशा. वहिनी पहिल्यांदाच भेटल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला चटपटीत, इस्पितळातल्या माणसांसारख्या सतत हात पुसणाऱ्या. सरांनी आमच्यासाठी चहा केला आणि कप पुढे करताना बायकोला विचारलं, "साखर घेतेस ना तू?"

"कधीची सोडली," वहिनी म्हणाल्या. "गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

"हो का? बरं, बरं," म्हणून सरांनी तो कप स्वतः घेतला. पडवीतल्या दोन उशांपैकी एकीलाही वहिनींनी हात लावला नाही. त्यांनी मुंबईहून स्वतःची उशी आणली होती. दोघंही एकमेकांशी इतक्या अदबीने वागत होती की मलाच अवघडायला झालं. नवराबायको कसली, दोन चांगले पाहुणे एकाच घरी उतरावेत तशी.

सर निवृत्त झाले त्याच सुमारास शाळेने लाकडी खुर्च्या काढून प्लास्टिकच्या आणल्या. जुन्या विकायला काढल्या तेव्हा सरांनी दोन घेतल्या, आपली आणि शेजारची. टेम्पोत घालून पडवीत नेऊन ठेवल्या, समुद्राकडे तोंड करून. मी भेटायला गेले की पायरीवर बसायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायची माझी काही हिंमत झाली नाही. एव्हाना आमचे हे बोट सोडून कायमचे घरी आले होते. पहिले काही महिने आम्ही इतके भांडलो की सासूबाई देवळात जाऊन बसायच्या. पंखा किती असावा यावरून भांडलो, आमटीतल्या गुळावरून भांडलो. सरांना मी हे सांगितलं की ते फार मन लावून ऐकायचे. एकदा म्हणाले, "बरं असतं हो ते."

पुढे वहिनीही निवृत्त झाल्या. सरांनी घराला रंग काढला, मागे नळ घेतला, गॅसचा दुसरा सिलिंडर आणला. तेवढ्यात मुलीला बाळ झालं. तिचीही नोकरी, सांभाळायला कोण? वहिनींनी कळवलं, बाळ जरा मोठं झालं की येते. सर म्हणाले, बरोबर आहे. बाळ चालायला लागलं, सर म्हणाले, पडतं-धडपडतं, आता तर जास्तच बघावं लागतं. बाळ शाळेत गेलं. सर म्हणाले, शाळेत सोडायला कुणीतरी हवं ना. प्रत्येक वेळी कारण वहिनींनी द्यायच्या आधी सरच देऊन मोकळे.

आणि एक दिवस सकाळीच ते शाळेत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. हातात वर्तमानपत्र, कानावर खडू. निवृत्त माणसाला खडू कशाला लागतो देव जाणे. "बाई, ब्रश काढा. आले!"

तळाच्या ओळीतल्या चौकटी मधल्या वर्षांत एकेक करून भरल्या होत्या, शेवटच्या चार उरल्या होत्या. त्या चार मूलद्रव्यांना एकदमच नावं मिळाली होती. मी स्टुलावर चढले. आता गुडघे कुरकुरत होते. सर एकेक नाव वाचत होते, मी लिहीत होते. शेवटचं लिहून झालं आणि ते दोन पावलं मागे सरून पाहत राहिले.

"किती दिवस टिकतात हो ही?" मी विचारलं.

"दिवस? प्रयोगशाळेत बनवतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात." मग स्वतःशीच म्हणाले, "पण क्षणभर आली तरी आली म्हणायचं. जागा वाया गेली नाही."

मला काय झालं कोण जाणे, माझा तोल गेला. स्टुलावरचा नव्हे, जिभेचा. "सर, ही स्वतःहून चालत आली का? तुमचे ते रशियातले मास्तर जागा ठेवून गेले, पण पुढे लोक शोधायला निघाले तेव्हा सापडली ना? तुम्ही नुसत्या खुर्च्या मांडून बसलायत. वहिनींना कधी 'ये' म्हणालात? एकदा तरी?"

भिंतीजवळून जाणारी दोन पोरं थबकली आणि माझा अवतार बघून पळाली. सर म्हणाले, "म्हणायचं काय त्यात? तिचंच घर आहे."

"मग तिच्या घरी तिला बोलवायला काय जातं तुमचं?"

त्या रविवारी मी मुद्दाम भाट्याला गेले. सर इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. मला बघून म्हणाले, "बाई, तुम्ही बसा इथेच. लावतो फोन." मी पायरीवर बसले. त्यांनी नंबर लावला, घसा खाकरला.

"हॅलो. अगं, मी बोलतोय. बाळाचा खोकला कसा आहे?... हं. ओवा भाजून दे त्याला... इकडे? इकडे ठीक. नारळ काढून घेतले... हो, बाई आल्यात, बसल्यात इथेच... अगं, मी काय म्हणत होतो..." मी दोन्ही हातांनी खुणा करत होते, बोला, बोला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "काही नाही. पाऊस आहे का तिकडे? बरं. ठेवतो हं."

मी कपाळावर हात मारला. "सर!"

"कुकर लागला होता हो तिच्याकडे," ते फोन खिशात ठेवत म्हणाले. "शिट्ट्यांत काय बोलणार माणूस? बघू पुढच्या रविवारी."

पुढचे बरेच रविवार आले आणि गेले. मी दोन-चारदा विषय काढला, मग सोडला. मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. इतक्या पोरांना बंध शिकवलेला माणूस, अंतर जास्त झालं की काय होतं हे त्याला मी काय सांगणार? एकदा संध्याकाळी मी निघायला उठले तेव्हा तेच आपणहून म्हणाले, "बाई, मला भीती वाटते. मी ये म्हटलं आणि ती नाही म्हणाली तर? मग ही खुर्ची कशाला ठेवायची?"

सर गेले ते माघात. सकाळी शेजारचा माणूस शहाळी द्यायला आला, तर सर त्यांच्या खुर्चीत, मान जरा कललेली, कानावर खडू. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. त्रास झाला नाही म्हणे.

वहिनी, मुलगी आणि जावई मुंबईहून आले. दिवसकार्याला गाव लोटला होता, सरांची जुनी मुलं तर कुठून कुठून आली होती. पडवीत सतरंज्या टाकलेल्या. सरांची खुर्ची मात्र सगळ्यांनी रिकामी ठेवली. कुणी न सांगता, आदराने. वहिनी आतून आल्या, पाय दुखत असावेत, इकडेतिकडे पाहिलं आणि सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. अगदी सहज. त्या खुर्चीवर तोवर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी चटकन मागीलदारी गेले आणि नळ सोडून हुंदके देऊन रडले.

तेरावं झालं, मुलगी-जावई परत गेले. वहिनी म्हणाल्या, "मी राहते थोडे दिवस." ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. नातू आता मोठा झालाय, त्याला आजी लागत नाही. वहिनी माड शिंपतात, शेजारणीच्या बाळंतपणात मदत करतात, चहा बिनसाखरेचा करतात आणि माझ्यासाठी दोन चमचे घालायला विसरत नाहीत. मधे एकदा मीच विचारलं, "वहिनी, रागावू नका. तेव्हा का नाही आलात?"

त्यांनी पदराला हात पुसले. "जागा ठेवलीय, जागा ठेवलीय, असं सगळ्यांना सांगायचे ते. मला कधी 'ये' म्हणाले नाहीत हो. मला वाटायचं, एकट्याची सवय झालेला माणूस, आपण जाऊन अडचण कशाला करायची? एकदा फोन आला होता, तुम्ही इथे बसला होतात बघा. म्हणाले, मी काय म्हणत होतो... त्यांचा आवाज ऐकून मी पळत जाऊन कुकर बंद केला. म्हटलं, आज म्हणतात. तर म्हणाले, पाऊस आहे का?"

तिकडे सरांना भीती, इकडे यांना संकोच, आणि दोघांच्या मधे मी पायरीवर बसून हातवारे करत होते. कुकर बंद झालेला सरांना ऐकू कसा आला नाही? की आला होता?

परवा गेले होते. पूल चालत ओलांडला, ऊन मी म्हणत होतं, आणि आता माझे गुडघे पायरीवर बसायला तयार नसतात. वहिनी आपल्या खुर्चीत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी सरांची खुर्ची, स्वच्छ पुसलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी विचार न करता त्या खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि टेकायला वाकले.

वहिनींनी मान वर केली. ती शिक्षकखोली, तो पहिला दिवस, यातलं मी त्यांना कधी काही सांगितलेलं नाही. त्यांनी लसणाची सुपली बाजूला सारली, आतून प्लास्टिकची खुर्ची आणून पलीकडे मांडली आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, तेवढी एक खुर्ची सोडून बसाल का?"

या वेळी मला राग आला नाही. मी सोडून बसले.